गेडनचे ब्रिटिश मोटर म्युझियम : एकुलती एक जॅग्वार आणि तिच्या अनेक प्रतिकृती

जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स मोटारींची ज्यांना मनापासून ओढ आहे, आणि त्यातही ज्या गाड्या विक्रीसाठी कधी बनल्याच नाहीत, केवळ शर्यतीसाठी किंवा एखादी कल्पना पडताळून पाहण्यासाठी एकदाच घडवल्या गेल्या, त्या प्रोटोटाइप गाड्यांविषयी ज्यांना कुतूहल आहे, त्यांना इंग्लंडमध्ये एकच संग्रहालय पाहण्याइतका वेळ असेल, तर तो त्यांनी वॉरिकशायरमधील गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमला द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. याहून मोठी, याहून देखणी आणि याहून महागड्या गाड्यांनी भरलेली संग्रहालये युरोपात आहेत. पण एखादी गाडी का बनली, का थांबली, आणि आज आपल्यासमोर जे उभे आहे त्यातले मूळ किती, हे प्रश्न इतक्या जवळून पाहण्याची सोय मला दुसरीकडे आढळली नाही.

हे ठिकाण एम-४० महामार्गाच्या १२व्या जंक्शनपासून अगदी जवळ आहे. येथे पूर्वी ब्रिटिश हवाई दलाचा तळ होता आणि १९५५ मध्ये व्हॅलियंट बॉम्बर विमानांची पहिली तुकडी याच गेडनला उभी राहिली. आज त्याच परिसरात जॅग्वार लँड रोव्हरचे अभियांत्रिकी केंद्र आहे, आणि ॲस्टन मार्टिनचे मुख्यालयही शेजारीच आहे. म्युझियम १९९३ मध्ये ‘हेरिटेज मोटर सेंटर’ या नावाने सुरू झाले. २०१६ मध्ये त्याची मोठी डागडुजी झाली, सध्याचे नाव मिळाले आणि बाजूला ‘कलेक्शन्स सेंटर’ ही दुसरी इमारत उभी राहिली.

संग्रहाचा स्वभाव समजून घ्यायचा तर तो आला कुठून हे आधी लक्षात घ्यावे लागते. ऑस्टिन, मॉरिस, एमजी, रोव्हर, ट्रायम्फ, जॅग्वार या एकेकाळच्या स्वतंत्र आणि बऱ्याचदा परस्परांच्या स्पर्धक कंपन्या १९६८ मध्ये ब्रिटिश लेलँड या एकाच छत्राखाली आल्या. त्या प्रत्येकीच्या कारखान्याने कोपऱ्यात झाकून ठेवलेल्या गाड्या, रेखाचित्रे, छायाचित्रे आणि नोंदवह्या हळूहळू एकत्र आल्या, आणि त्यांच्या जपणुकीसाठी १९८३ मध्ये ब्रिटिश मोटर इंडस्ट्री हेरिटेज ट्रस्टची स्थापना झाली. एरवी संग्रहालय म्हटले की बाजारात जे विकायला येते ते विकत घेतले जाते. प्रोटोटाइप गाडी बाजारात येतच नाही. ती कारखान्यात जन्मते, तेथेच चाचण्या देते आणि बहुतेक वेळा तेथेच मोडीत निघते. गेडनचा संग्रह कारखान्यांच्या स्वतःच्या ठेवीतून बनलेला असल्यामुळे अशा गाड्यांचे प्रमाण येथे जास्त आहे, आणि माझ्या लेखी हेच या संग्रहालयाचे खरे वैशिष्ट्य आहे.

या सगळ्यांत जिच्यासाठी मी आवर्जून तेथे जायला सांगेन ती गाडी म्हणजे जॅग्वार एक्सजे१३. जॅग्वारने फ्रान्समधील ल माँची २४ तासांची शर्यत १९५१ आणि १९५३ मध्ये सी-टाइपने, आणि १९५५, १९५६ व १९५७ मध्ये डी-टाइपने जिंकली होती. कंपनी स्वतः १९५६ मध्येच शर्यतींतून बाजूला झाली होती (१९५७ चा विजय खासगी संघाचा), पण मुख्य अभियंते विल्यम हेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या डोक्यातून ल माँ गेले नव्हते. साठीच्या दशकाच्या मध्यावर त्यांनी बारा सिलिंडरचे, चार कॅमशाफ्टचे (म्हणजे झडपा उघडणाऱ्या दांड्यांचे), ४,९९४ सीसी क्षमतेचे नवे इंजिन तयार केले आणि ते चालकाच्या पाठीमागे, गाडीच्या मध्यभागी बसवले. इंधनासाठी लुकासची इंजेक्शन यंत्रणा, पाच गतींचा झेडएफ गिअरबॉक्स आणि सुमारे ५०० अश्वशक्ती, असा हा सरंजाम होता. त्यातली सर्वांत धाडसी गोष्ट वरून दिसत नाही. इंजिनाला पेलून धरणारी वेगळी चौकट मागच्या भागात नाहीच; इंजिन स्वतःच सांगाड्याचा भाग होऊन भार घेते आणि मागचे सस्पेन्शन त्याच्याच आधाराने उभे राहते. पुढे शर्यतीच्या गाड्यांत ही रचना सर्वमान्य झाली, पण १९६५ मध्ये जॅग्वारसारख्या कंपनीने ती स्वीकारणे ही मोठी झेप होती.

या गाडीचे शरीर माल्कम सेयर यांनी आखले. ते विमाननिर्मितीतून, ब्रिस्टल कंपनीतून, मोटारींकडे आले होते आणि स्वतःला शैलीकार म्हणवून घेणे त्यांना पसंत नव्हते. गाडीच्या पृष्ठभागावरील वक्ररेषा ते आकडेमोडीने काढत आणि कारागिरांच्या हाती बिंदूंचे कोष्टक देत. सी-टाइप, डी-टाइप आणि ई-टाइप या तिन्ही त्यांच्याच. एक्सजे१३ समोर उभे राहिल्यावर प्रथम जाणवते ते असे की, तिच्यावर कुठेही पंख नाही, पट्टी नाही, जोडकाम नाही. नाकापासून शेपटीपर्यंत ॲल्युमिनियमचा पत्रा एका श्वासात वाहत गेला आहे. हवेला कापत जाणे हे सेयर यांचे उद्दिष्ट होते. गाडीला हवेनेच जमिनीवर दाबून ठेवायचे, हा विचार शर्यतीच्या जगात यानंतर एक-दोन वर्षांतच रुजला आणि गाड्यांचे रूप कायमचे बदलले. म्हणून ही गाडी एका विचाराच्या अगदी शेवटच्या टोकावर उभी आहे. छायाचित्रांत ती नुसती सुंदर दिसते. प्रत्यक्षात तिच्याभोवती सावकाश एक फेरी मारली, कंबरेत वाकून तिच्या खांद्याच्या रेषेला डोळे लावले, की त्या सौंदर्यामागचा हिशेब दिसू लागतो. माझी विनंती अशी की, आधी ती बाजूने पाहावी, मग मागून, आणि समोरून सर्वांत शेवटी.

ती शर्यतीत कधीच उतरली नाही. १९६६ च्या वसंतात गाडी तयार झाली, त्याच वर्षी जॅग्वार ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली आणि कंपनीचे प्रमुख सर विल्यम लायन्स यांना त्या घडामोडींत शर्यतीचा खर्च आणि गाजावाजा नको होता. तिकडे फोर्डने सात लिटरच्या इंजिनाची जीटी४० ल माँला उतरवून १९६६ आणि १९६७ अशी सलग दोन वर्षे मैदान मारले. १९६७ मध्ये एक्सजे१३ ची खरी चाचणी झाली, तेव्हा न्यूनीटनजवळच्या मिरा या चाचणी-मार्गावर डेव्हिड हॉब्ज यांनी ताशी १६१ मैलांहून अधिक, म्हणजे सुमारे २६० किलोमीटर वेगाने फेरी पूर्ण केली. ब्रिटनमधील बंदिस्त मार्गावरचा हा विक्रम तीन दशकांहून अधिक काळ टिकला. पण १९६८ पासून प्रोटोटाइप गाड्यांना तीन लिटरची मर्यादा लागू झाली, आणि पाच लिटरच्या या इंजिनाला त्या गटात जागाच उरली नाही. नियम, विलीनीकरण आणि उशीर या तिन्हींनी मिळून एका उत्तम यंत्राचा मार्ग बंद केला. यात कोणा एकाला दोष द्यावा असे मला वाटत नाही, पण गाडीसमोर उभे असताना हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. जानेवारी १९७१ मध्ये, ई-टाइपच्या नव्या बारा सिलिंडरच्या आवृत्तीच्या प्रसिद्धीसाठी एक्सजे१३ चे चित्रीकरण करण्याचे ठरले. कंपनीचे अनुभवी चाचणी-चालक नॉर्मन ड्यूइस यांनी ती मिराच्या एका बाजूला कललेल्या वळणांवर वेगाने चालवली. चित्रीकरण संपत आले असताना मागचे एक चाक निकामी झाले. गाडी कठड्यावर आदळून आतल्या मैदानात उलटीपालटी होत गेली. ड्यूइस आत खाली दबून बसले आणि बचावले. पुढे २०१९ मध्ये, वयाच्या ९८व्या वर्षी त्यांचे निधन झाले. गाडीचा मात्र चेंदामेंदा झाला. ते अवशेष काही काळ तसेच पडून होते. मूळ शरीर घडवताना वापरलेले काही साचे शिल्लक असल्याचे पुढे लक्षात आले आणि ॲबी पॅनेल्स या पत्राकाम करणाऱ्या कंपनीने ते शरीर पुन्हा उभे केले. १९७३ मध्ये सिल्व्हरस्टोनला ती गाडी लोकांसमोर आली. जाणकार १९६६-६७ ची छायाचित्रे शेजारी ठेवून सांगतात की, चाकांवरच्या कमानींचा आकार पूर्वीसारखा तंतोतंत राहिलेला नाही.

म्हणजे जगातील एकमेव एक्सजे१३, जिला ‘मूळ’ म्हणून आपण नमस्कार करतो, तिच्या कातडीचा मोठा भाग अपघातानंतरचा आहे. मग ती मूळ कशी? माझे उत्तर असे की, मूळपण पत्र्यात नसते, सलगतेत असते. गावाकडच्या वाड्याच्या तुळया बदलल्या, भिंती नव्याने लिंपल्या, तरी सातबाऱ्यावरची नोंद अखंड असेल तर तो वाडा तोच राहतो. प्रत्येक बदल फेरफारात नोंदलेला असला की पुढच्या पिढीला शंका राहत नाही. एक्सजे१३ चे तसेच आहे. ती कोणाच्या ताब्यात होती, कधी मोडली, कोणी जुळवली, याची साखळी कुठेही तुटलेली नाही. आणि म्हणूनच ही दुरुस्ती लपवण्याची गोष्ट नाही. ती त्या गाडीच्या चरित्राचा भाग आहे.

या निकषावर प्रतिकृतींकडे पाहिले की बराचसा गोंधळ दूर होतो. एक्सजे१३ च्या प्रतिकृती ब्रिटनमधील लहान लहान वर्कशॉपांनी अनेक वर्षे बनवल्या आहेत. त्यांतील बहुतेकांत नंतरच्या सलून, म्हणजे चार दारांच्या बंद गाड्यांचे ५.३ लिटरचे व्ही-१२ इंजिन असते, कारण चार कॅमशाफ्टची मूळ इंजिने बोटांवर मोजण्याइतकीच बनली होती. हे नंतरचे इंजिन दिसायला जवळचे असले, तरी त्याच्या प्रत्येक बाजूला एकच कॅमशाफ्ट असतो आणि त्याचा स्वभाव वेगळा असतो. शिवाय मूळ गाडीत इंजिन स्वतः भार घेत असल्याने, प्रतिकृतीत त्याच्याभोवती चौकट उभी केली की बाहेरून सारखीच दिसणारी गाडी आतून निराळी होते. गेडनला मूळ गाडी बारकाईने पाहिलेल्या माणसाला हा फरक पटकन उमगतो. प्रतिकृती घेण्याचा विचार ज्यांच्या मनात आहे, त्यांनी पैसे मोजण्याआधी येथे एक दिवस घालवावा तो याचसाठी.

प्रतिकृतीला मी कमी लेखत नाही. हाताने ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून सेयर यांच्या रेषेपर्यंत पोहोचणे ही दुर्मीळ कारागिरी आहे, आणि ती जिवंत राहिली आहे ती बऱ्याच अंशी प्रतिकृती बनवणाऱ्यांमुळेच. २०१९ मध्ये इक्युरी कार्स या कंपनीने जाहीर केलेली एलएम६९ मला या सगळ्यांत विशेष आवडते. १९६९ च्या नियमांनुसार पंचवीस गाड्या बनवल्यास पाच लिटरचे इंजिन चालत होते; तेव्हा जॅग्वारने त्या बनवल्या असत्या तर त्या कशा असत्या, या प्रश्नाचे उत्तर म्हणून ही गाडी आखली गेली आणि तिची संख्याही पंचवीसच ठरवण्यात आली. ती मूळ असल्याचा आव आणत नाही. एका अपुऱ्या राहिलेल्या शक्यतेचा ती विचारपूर्वक पाठपुरावा करते.

खरा अवघड प्रश्न उभा राहतो तो कारखाना स्वतःच प्रतिकृती बनवतो तेव्हा. जॅग्वारने १९६३ मध्ये हलक्या वजनाच्या अठरा ई-टाइप ठरवल्या होत्या, त्यांपैकी बाराच झाल्या. उरलेल्या सहा क्रमांकांच्या गाड्या २०१४ पासून नव्याने बनवण्यात आल्या. डी-टाइपची रस्त्यावर चालवता येणारी आवृत्ती म्हणजे एक्सकेएसएस. फेब्रुवारी १९५७ मध्ये कॉव्हेंट्रीतील ब्राउन्स लेन कारखान्याला आग लागली, तीत तयार होत असलेल्या नऊ एक्सकेएसएस जळाल्या. त्या नऊ पुन्हा बनवण्याची घोषणा २०१६ मध्ये झाली आणि प्रत्येकीची किंमत दहा लाख पौंडांच्या वर गेली. पाठोपाठ २०१८ मध्ये पंचवीस डी-टाइप जाहीर झाल्या, कारण शंभर ठरल्या असताना पंच्याहत्तरच झाल्या होत्या. या गाड्यांचे काम अत्युत्तम आहे यात शंका नाही. परंतु सहा दशकांनंतर निराळ्या माणसांनी, निराळ्या काळात केलेली गाडी, तिच्यावरचा क्रमांक कोणताही असो, माझ्या दृष्टीने प्रतिकृतीच असते. फार तर ती घरच्यांनीच केलेली प्रतिकृती म्हणता येईल. तीत आणि बाहेरच्या एखाद्या निष्णात वर्कशॉपने केलेल्या गाडीत फरक असतो तो बिल्ल्याचा आणि किमतीचा, आणि घेणाऱ्याने तो जाणून घ्यावा.

येथेच या संग्रहालयाच्या एका सेवेचे महत्त्व सांगितले पाहिजे, जिच्याकडे नुसते पाहायला येणाऱ्यांचे लक्ष जात नाही. हेरिटेज ट्रस्टच्या दप्तरात ऑस्टिन, मॉरिस, एमजी, ऑस्टिन-हीली, ट्रायम्फ, रोव्हर अशा अनेक कंपन्यांच्या उत्पादनाच्या नोंदवह्या आहेत. गाडीचा चासी क्रमांक कळवला आणि शुल्क भरले की, त्या क्रमांकाची गाडी कधी बनली, तिचा रंग आणि आतील कापड-चामडे कोणते होते, मूळ इंजिनाचा क्रमांक काय होता आणि ती कोणत्या ठिकाणी रवाना झाली, हे वहीतून उतरवून देणारे प्रमाणपत्र मिळते. जॅग्वारच्या गाड्यांसाठी हेच काम जॅग्वारचा वेगळा हेरिटेज ट्रस्ट करतो. मुंबई-पुण्यातील जुन्या मोटारींच्या मेळाव्यांत एमजीच्या गाड्या हमखास दिसतात, आणि त्यांच्या मालकांना हे प्रमाणपत्र घरबसल्या मागवता येते. आपल्याकडे लग्नाच्या वरातीसाठी जीपच्या चासीवर जुन्या धाटणीचे शरीर चढवलेल्या गाड्याही पुष्कळ फिरतात. त्यांना कोणी फसवणूक म्हणणार नाही, कारण त्या काय आहेत हे सर्वांना ठाऊक असते. पण हीच गाडी दोन-तीन हात बदलून ‘खरी’ म्हणून विकायला आली, तर नोंदवहीखेरीज दुसरा साक्षीदार नसतो.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. हे प्रमाणपत्र क्रमांकाचे असते, समोर उभ्या असलेल्या गाडीचे नसते. ट्रस्टचा माणूस येऊन गाडी तपासत नाही. एखाद्या भंगारात गेलेल्या गाडीची पाटी नव्या सांगाड्यावर ठोकली असेल, तर प्रमाणपत्र खरेच असेल आणि गाडी खोटी. ब्रिटनमध्ये वाहन नोंदणी खाते मोठे फेरबदल झालेल्या गाड्यांसाठी २०२५ पर्यंत गुणांची पद्धत वापरत असे. जुनी ओळख टिकवायला किमान आठ गुण लागत, त्यांतील पाच एकट्या मूळ सांगाड्याला असत, आणि ज्या गाडीचे वयच ठरवता येत नाही तिला ‘क्यू’ अक्षराची पाटी मिळते. सांगाड्याला एवढे वजन देणारा तो नियम मला शहाणपणाचा वाटतो.

पुन्हा दालनाकडे वळू. एक्सजे१३ पाहून झाल्यावर रोव्हर-बीआरएम शोधावी (बीआरएम हा ब्रिटिश शर्यत-संघ). विमानासारख्या गॅस टर्बाइनवर चालणारी ही शर्यतीची गाडी १९६३ मध्ये ल माँला ग्रॅहम हिल आणि रिची गिंथर यांनी चालवली. स्पर्धेच्या गटांत ती बसत नसल्याने तिला ‘००’ हा क्रमांक देऊन बाहेरची पाहुणी म्हणून धावू दिले होते, आणि तिने चोवीस तास ताशी १७० किलोमीटरहून अधिक सरासरी राखली. तिला क्लच नव्हता आणि गिअर बदलण्याचा प्रश्नच नव्हता. उलट पाय काढल्यावर इंजिनाचा रोध मिळत नसल्यामुळे वळणाआधी सगळा भार ब्रेकवर यायचा, आणि पेडल दाबल्यावर टर्बाइनला वेग घ्यायला अवधी लागत असल्याने वळणाच्या आतच पुढचा विचार करावा लागायचा. १९६५ मध्ये हिल आणि जॅकी स्ट्यूअर्ट यांनी ती दहाव्या स्थानावर आणली. तोवर तिला बंद छताचे नवे शरीर आणि सिरॅमिकचे उष्णता-विनिमयक मिळाले होते, ज्यांनी बाहेर वाया जाणारी उष्णता पुन्हा कामाला लावून तिची अफाट तहान कमी केली. आणि येथेही मूळपणाचा तोच प्रश्न आहे. या गाडीचा सांगाडा १९६२ च्या मोनॅको शर्यतीत गिंथर यांच्या हातून अपघात झालेल्या बीआरएमचा, आणि १९६३ चे उघडे शरीर आता तिच्यावर नाही. तरीही तिची कथा एकसंध आहे, कारण प्रत्येक टप्पा नोंदलेला आहे.

वेगाच्या विक्रमांसाठी बनवलेल्या एमजी ईएक्स१८१ बद्दल फार सांगत नाही, कारण ती पाहण्यातच सगळे आहे. थेंबाच्या आकाराच्या कवचात चालक पुढे जवळजवळ आडवा, त्याच्या मागे दीड लिटरचे सुपरचार्ज केलेले (हवा दाबाने आत ढकललेले) इंजिन, आणि दोन चाकांमधले अंतर मागे पुढच्यापेक्षा कितीतरी कमी. ऑगस्ट १९५७ मध्ये अमेरिकेतील बोनव्हिलच्या मिठागरावर स्टर्लिंग मॉस यांनी तिला ताशी २४५ मैल, म्हणजे ३९५ किलोमीटरच्या वेगापर्यंत नेले, आणि १९५९ मध्ये फिल हिल यांनी २५४ मैलांचा टप्पा ओलांडला. सिड एनेव्हर यांच्या या आखणीत इंजिनापेक्षा आकाराने जास्त काम केले आहे, हे तिच्या शेजारी उभे राहिल्यावर मान्य करावे लागते.

रोव्हरची पी६बीएस ही त्या मानाने अनोळखी गाडी. स्पेन किंग आणि गॉर्डन बॅशफर्ड या अभियंत्यांनी साडेतीन लिटरचे हलके व्ही-८ इंजिन मध्यभागी ठेवून ती आखली होती, आणि रस्त्यावर विकता येईल अशी स्वस्त व वेगवान गाडी तिच्यातून निघाली असती. पण १९६८ च्या विलीनीकरणानंतर रोव्हर आणि जॅग्वार एकाच घरात आल्या, ई-टाइपला घरातलीच स्पर्धक परवडण्यासारखी नव्हती, आणि प्रकल्प थांबला तो त्यामुळेच, असे मानले जाते. जॅग्वारची शर्यतीची गाडी एका विलीनीकरणाच्या काळात अडली, आणि दुसऱ्या विलीनीकरणानंतर जॅग्वारमुळे रोव्हरची गाडी अडली. या दोन गाड्या एकाच संग्रहालयात पाहता येणे हे ब्रिटिश मोटार उद्योगाच्या त्या दशकाचे जेवढे समर्पक दर्शन घडवते, तेवढे कोणत्याही तक्त्याने घडणार नाही.

संग्रहाच्या मर्यादा त्याच्या उगमातूनच आल्या आहेत. लोटस, लोला, कूपर यांसारख्या, शर्यतीच्या जगात ब्रिटनचे नाव खऱ्या अर्थाने गाजवणाऱ्या लहान कंपन्या ब्रिटिश लेलँडच्या कुटुंबात कधीच नव्हत्या, त्यामुळे त्यांच्या गाड्यांची सलग मांडणी येथे मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. केवळ शर्यतीच्या गाड्यांसाठी जाणाऱ्याला वाटेत रोजच्या वापरातील ऑस्टिन, मॉरिस आणि लँड रोव्हर पुष्कळ भेटतील; त्यांना ओलांडून पुढे जाण्याची घाई करू नये. ‘एचयूई १६६’ या क्रमांकाची सुरुवातीची लँड रोव्हर आणि माँटे कार्लो रॅली जिंकलेल्या मिनी पाहिल्याशिवाय बाहेर पडणे मला तरी पटत नाही.

कलेक्शन्स सेंटरला वेगळा वेळ राखून ठेवावा. मुख्य इमारतीत गाड्या मोकळ्या जागेत, माहितीफलकांसह मांडल्या आहेत. येथे त्या दाटीने, एखाद्या गोदामासारख्या उभ्या आहेत, आणि जॅग्वारच्या हेरिटेज ट्रस्टचा मोठा ताफा याच इमारतीत असतो. नवख्या माणसाला मुख्य इमारत अधिक आवडेल. ज्याला सी-टाइपपासून ई-टाइपपर्यंत एकेक रेषा कशी बदलत गेली हे ताडून पाहायचे आहे, त्याला मात्र ही दाटी सोयीची पडते, कारण नजर एका गाडीवरून दुसरीवर लगेच नेता येते. जाणकार स्वयंसेवकांसोबत फेरी असेल तर ती चुकवू नये. कारखान्यात हयात घालवलेल्या माणसाकडून एखाद्या सांध्याविषयी ऐकणे आणि फलक वाचणे यांत मोठे अंतर आहे.

आपल्या वाचकांसाठी या जागेला आणखी एक संदर्भ आहे. टाटा मोटर्सने २००८ मध्ये फोर्डकडून जॅग्वार आणि लँड रोव्हर विकत घेतल्या, २०११ मध्ये पुण्यात लँड रोव्हरची जुळणी सुरू झाली, आणि तेव्हापासून पुण्याहून कामानिमित्त गेडन, कॉव्हेंट्री, लेमिंग्टन स्पा या पट्ट्यात येणाऱ्या मराठी अभियंत्यांची ये-जा चालू आहे. एक्सजे१३ आणि तिच्या सोबतच्या ऐतिहासिक गाड्या कंपनीच्या विक्रीयोग्य मालमत्तेत न राहता ट्रस्टकडे असल्यामुळे, मालक बदलत गेले तरी हा संग्रह फुटला नाही, ही दूरदृष्टी आपल्याकडच्या जुन्या कारखानदारांनीही अभ्यासावी अशी आहे. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतून गेल्या साठ वर्षांत किती प्रोटोटाइप जन्मले आणि भंगारात गेले असतील, हा विचार गेडनला फिरताना माझ्या मनातून हटत नाही.

जाण्याच्या दृष्टीने सांगायचे तर स्वतःची किंवा भाड्याची गाडी असणे उत्तम. रेल्वेने यायचे असल्यास लेमिंग्टन स्पा किंवा बॅनबरी येथे उतरून पुढे टॅक्सी करावी लागते. बसच्या भरवशावर दिवस आखू नये. दोन्ही इमारती नीट पाहायला सकाळपासून दुपारपर्यंतचा वेळ कमी पडतो. प्रवेशशुल्क आणि वेळा बदलत असतात, त्यामुळे त्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर पाहून घ्याव्यात. आणि जी गाडी पाहण्यासाठी आपण मुद्दाम जात आहोत, ती त्या दिवशी जागेवर आहे का, हे आधी फोन करून विचारावे, कारण एक्सजे१३ सारख्या गाड्या अधूनमधून प्रदर्शनांना आणि मेळाव्यांना बाहेर नेल्या जातात.